शनिवारी नको, रविवारी बोलवा

शरणपूर रोडला राहणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, प्रॉटेस्टंट मंडळीतलं. मुलगी ठाण्याला नोकरी करते. तिथल्या एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहूदी समाजातल्या, मुलाशी तिने लग्न ठरवलं आहे आणि मुलाचे आईवडील पुढच्या महिन्यात बोलणी करायला नाशिकला येणार आहेत. आई लिहितात : "आमचे हे म्हणतात, यहूदी म्हणजे आपलेच, निम्मे ख्रिस्ती. देव तोच, जुना करार तोच, राहिलेलं हळूहळू होईल. सासूबाई म्हणतात, ज्यांनी प्रभूला क्रुसावर दिलं त्यांच्या घरात नात द्यायची नाही. मुलाच्या आईने फोनवर मुलीला विचारलं, तू आमच्यात येणार का? तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. दोन्ही धर्मांत सारखं काय आणि वेगळं काय, ते मला समजेल असं सांगा. त्यांना जेवायला काय करू? हॉलमधला क्रूस उतरवून ठेवायचा का? जमलं तर त्यांना आमचं चर्च आणि नाशिक रोडचं बाळ येशू मंदिर दाखवावं असं मनात आहे."

प्रिय ताई,

आधी वार बघून घ्या. पत्रात तुम्ही तो लिहिलेला नाही, आणि नोकरदार माणसांच्या सोयीने अशी बोलणी सहसा शनिवारवर येऊन ठरतात. तुमची ठरवू नका. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, लागतो तो शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत चालतो. पाळणारं घर त्या वेळात प्रवास करत नाही, चूल पेटवत नाही, देण्याघेण्याचं बोलत नाही. कोकणात ही मंडळी तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणायचे. हिब्रू विसरली, ग्रंथ हाताशी राहिला नाही, शिकवायला राबी म्हणजे धर्मगुरू नव्हता, तरी हा एक दिवस त्यांनी पिढ्यानपिढ्या सोडला नाही. तुम्ही आपणहून रविवार सुचवा. सकाळची उपासना आटपून दुपारी या म्हणालात, की या घराने आपली चौकशी केली आहे एवढं मुलाच्या आईला न सांगता कळेल.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं घेऊ. "निम्मे ख्रिस्ती" हे शब्द पाहुण्यांसमोर त्यांच्या तोंडून निघणार नाहीत एवढं बघा. ते आपुलकीने बोलतात यात मला शंका नाही. पण यहूदी माणसाच्या कानाला ते असं लागतं : तुमचा धर्म अपुरा, आमचा पुरा, तुम्ही वाटेत थांबलात, आम्ही पोचलो. मीही ख्रिस्ती घरातलीच आहे. आपल्या उपदेशांत हे किती सहज येऊन जातं ते मी लहानपणापासून ऐकलं आहे, आणि ते थांबावं असं मला मनापासून वाटतं. शिवाय ते इतिहासालाही धरून नाही. पहिले ख्रिस्तीच सगळे यहूदी होते. येशू यहूदी, मरीया यहूदी, पेत्र आणि पौल यहूदी. आठव्या दिवशी बाळ येशूची सुंता झाली हे लूकच्या दुसऱ्या अध्यायात तुम्ही दर नाताळाला वाचता. तुमच्या होणाऱ्या जावयाच्या घरात मुलगा जन्मला की आजही तो आठवा दिवसच धरतात.

सारखेपणा खरा आहे आणि तो खोलवर आहे. एका शास्त्र्याने प्रभूला विचारलं, सर्वांत मोठी आज्ञा कोणती? मार्कच्या बाराव्या अध्यायातलं उत्तर तुम्हाला पाठ असेल. पण त्या उत्तराची सुरुवात देवावर प्रीती कर इथून होत नाही. ती होते इस्राएलाला हाक मारून : ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच आहे. हे जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं वचन. यहूदी त्याला शेमा म्हणतात, सकाळ-संध्याकाळ म्हणतात आणि मरणाच्या वेळीही तेच ओठांवर असावं अशी त्यांची इच्छा असते. बेने इस्राएलांच्या बाबतीत याला आणखी वजन आहे. बाहेरच्या यहूदी लोकांना त्यांची पहिल्यांदा ओळख पटली तेव्हा शब्बाथ, सुंता आणि खाण्यापिण्याचे काही नियम यांच्यासोबत प्रार्थना म्हणून एवढा शेमाच त्यांना येत होता, असं त्यांच्यात परंपरेने सांगतात. सगळं विसरून जे एक वाक्य त्यांनी जपलं, तेच प्रभूने पहिली आज्ञा म्हणून सांगितलं.

आणि दोन वाटा फुटतात त्याही याच वाक्यापासून. आपण म्हणतो देव एकच, आणि तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा आहे. ३२५ सालच्या नायसिया परिषदेपासून पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे हे आपल्या मतांगिकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत आहे. त्याने देवाच्या एकपणाला बाधा येत नाही असं आपण मानतो. यहूदी माणसाच्या मते येते. देव माणूस होऊन जन्माला आला, हे त्याच्या श्रद्धेत कुठेच बसत नाही. येशू चांगला गुरू होता एवढं मानायला पुष्कळ यहूदी तयार होतील. त्याच्यापुढे गुडघे टेकायला तयार होणार नाहीत. चहाच्या टेबलावर गोडीगुलाबीने मिटेल असा हा मतभेद नाही, आणि तो मिटवायला कोणी तुम्हाला सांगितलेलंही नाही.

"जुना करार तोच" याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण फरक तिथेच सर्वांत चांगला दिसतो. घरातलं पवित्र शास्त्र घ्या आणि जुन्या कराराचं शेवटचं पान काढा. मलाखी. त्याच्या शेवटच्या ओळींत परमेश्वर सांगतो की तो मोठा दिवस येण्यापूर्वी मी एलीया संदेष्ट्याला पाठवीन. पान उलटलं की मत्तय, येशूची वंशावळ, आणि थोड्या पानांवर बाप्तिस्मा करणारा योहान, ज्याच्याविषयी प्रभू म्हणतो की येणारा एलीया तो हाच. आपल्या शास्त्रात पानंच अशी लावली आहेत की एका पानावर वचन आणि पुढच्या पानावर त्याची पूर्तता.

यहूदी शास्त्रात, ज्याला ते तनाख म्हणतात, तेच सगळे ग्रंथ आहेत. आपण ३९ मोजतो, ते २४ मोजतात. बारा लहान संदेष्टे मिळून त्यांचा एक ग्रंथ होतो, शमुवेल, राजे, इतिहास यांचे दोन-दोन भाग ते वेगळे धरत नाहीत, एज्रा-नहेम्याही एकच धरतात. (कॅथलिकांचे ४६ होतात, कारण मक्काबी वगैरे ग्रंथ त्यांच्यात आहेत.) पण क्रम वेगळा. तनाख मलाखीवर संपत नाही, इतिहासाच्या ग्रंथावर संपतो. पारसाचा राजा कोरेश म्हणतो, यरुशलेमात मंदिर बांधायचं आहे, ज्याला जायचं त्याने जावं, परमेश्वर त्याच्याबरोबर असो. बस्स, तिथेच ग्रंथ थांबतो. त्यापुढे नवा करार जोडायला जागा ठेवलेली नाही आणि वाचणाऱ्याला काही राहून गेल्यासारखं वाटतही नाही. म्हणून पाहुण्यांशी बोलताना "तुमचा जुना करार" म्हणू नका. त्यांच्यासाठी तो जुना झालेला नाही.

एलीया मात्र तुमच्या घरात येणार आहे, त्याची तयारी ठेवा. बेने इस्राएल घरात साखरपुडा, नवं घर, नवस फेडणं, असं काही असलं की मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं असं मोठं ताट भरतात, एलियाहू हानाबीची म्हणजे एलीया संदेष्ट्याची स्तुती गातात आणि मग तो प्रसादासारखा वाटतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलीयाचा अग्निरथ टेकला होता, खडकावर त्याची खूण आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे. ती जागा बघायला ते आजही जातात. मलाखीचं ते वचन त्यांनाही पाठ आहे. ते मानतात की एलीया अजून यायचा आहे, त्याच्यामागून मसीहा यायचा आहे, आणि मसीहा येईल तेव्हा जगातली युद्धं थांबलेली असतील. येशूने ते केलं नाही, म्हणून तो मसीहा नाही, इतका त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. आपण म्हणतो तो एकदा आला आणि ते काम पुरं करायला पुन्हा येणार आहे. म्हणजे वाट दोघेही बघतोच आहोत. मलिद्याचं ताट पुढे आलं तर निःसंकोच घ्या, त्यात आपल्या श्रद्धेला अडणारं काही नाही.

आणखी एका शब्दाची काळजी घ्या : परूशी. मूळ हा येशूच्या काळचा एक यहूदी पंथ, पण आपल्याकडे ढोंगी माणसाला परूशी म्हणायची सवय आहे. यरुशलेमचं मंदिर पडल्यानंतर यहूदी धर्म ज्यांनी सावरला ते राबी याच परूशी परंपरेतले. पाहुणे ज्या रीतीने प्रार्थना करतात ती रीत त्यांनीच घालून दिली. तसंच, यहूदी धर्म नियमांचा आणि आपला प्रीतीचा, असंही कोणी म्हणू नये. "शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" हे लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. प्रभूने ते तिथूनच घेतलं. त्यांच्या शास्त्रातल्या ६१३ आज्ञा पाळणं म्हणजे ओझं वाहणं, असं आपण बाहेरून समजतो. पाळणाऱ्याला ती देवाने विश्वासाने हाती दिलेली ठेव वाटते.

पापाचं मात्र दोघांचं गणित खरोखर वेगळं आहे, आणि मला विचाराल तर पिता-पुत्र-पवित्र आत्मा या त्रैक्यापेक्षा हाच फरक रोजच्या संसारात जास्त जाणवेल. आदाम-हव्वेची गोष्ट दोघांचीही. पण त्या पापाचा डाग जन्मतःच प्रत्येकावर असतो असं यहूदी मानत नाहीत. मूल स्वच्छ जन्मतं, त्याच्यात चांगली आणि वाईट अशा दोन्ही ओढी असतात, कोणती धरायची हे त्याने ठरवायचं. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि पापार्पणाचं बलिदान कायमचं थांबलं, तेव्हा दोन्ही समाजांपुढे एकच प्रश्न होता : आता क्षमा कशी मिळायची? आपण म्हटलं, ख्रिस्ताचं बलिदान एकदाच आणि सर्वांसाठी झालं आहे. राबींनी म्हटलं, पश्चात्ताप, प्रार्थना आणि दानधर्म. वर्षातून एकदा योम किप्पूरला, पूर्ण दिवसाचा कडक उपास करून ते देवाकडे क्षमा मागतात. त्या दिवशी घराबाहेर पडायचं नाही, दारं लावून घ्यायची, अशी जुन्या बेने इस्राएल घरांची रीत होती. पण माणसाचं केलेलं वाईट देव परस्पर माफ करत नाही, त्या माणसाकडेच जावं लागतं, असं त्यांचं शास्त्र सांगतं. वेदीवर अर्पण नेताना भावाचं काही आपल्याविरुद्ध असेल तर आधी त्याच्याशी समेट कर, हे डोंगरावरच्या प्रवचनातलं वचन आठवा. ते जितकं आपलं तितकंच त्यांचंही आहे.

सासूबाईंशी तुम्ही हुज्जत घालू नका. त्यांचं वय, त्यांनी शुभ शुक्रवारी आयुष्यभर ऐकलेले उपदेश, ते एका दुपारी पुसून निघत नाही. पण त्यांच्याजवळ बसून मतांगिकार म्हणा आणि एका नावाशी थांबा : पंतय पिलात. तो रोमन सुभेदार होता, क्रूस ही रोमन शिक्षा होती आणि खिळे ठोकणारे हात रोमन शिपायांचे होते. यरुशलेममधल्या काही पुढाऱ्यांनी प्रभूला त्याच्या हवाली केलं हे शुभवर्तमानात आहे. त्याचा दोष तेव्हाच्या सगळ्या यहूद्यांवर आणि आजच्या यहूद्यांवर टाकता येत नाही, हे कॅथलिक चर्चने १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत लेखी जाहीर केलं. जाहीर करावं लागलं, कारण या एका आरोपावरून युरोपात ख्रिस्ती लोकांनी यहूद्यांच्या वस्त्या जाळल्या, देशच्या देश त्यांना हाकलून देत राहिले. स्पेनने १४९२ मध्ये हाकललं. आपल्या महाराष्ट्रात त्यांना असा जाच कधी झाला नाही, आणि ही आपल्या मातीची थोरवी आहे. बेने इस्राएलांची स्वतःची परंपरा तर सांगते की त्यांचे पूर्वज ख्रिस्तजन्माच्याही आधी नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. त्या हिशेबाने पिलाताच्या अंगणात मुलाच्या घरचं कोणी उभं असण्याचा प्रश्नच नाही. हे सासूबाईंना गोष्ट म्हणून सांगा, वादाचा मुद्दा म्हणून सांगू नका.

आता ज्या प्रश्नाने तुमची झोप उडाली त्याकडे येते. मुलाच्या आईने "आमच्यात येणार का" विचारलं त्यात अरेरावी आहे असं मला वाटत नाही. यहूदी धर्मशास्त्रात मूल आईकडून यहूदी ठरतं. आई ख्रिस्ती असली तर, बाप कितीही पाळणारा असो, त्या शास्त्राप्रमाणे नातवंडं यहूदी होत नाहीत. आणि हा समाज केवढासा आहे ते बघा. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. भारतात आता काही हजार माणसं उरली आहेत. महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तोही २०१६ मध्ये. तिकडे गेलेल्यांच्या वाट्याला आणखी एक दुःख आलं : हे कोकणातले लोक पुरते यहूदी आहेत का, यांच्याशी लग्न लावावं का, अशी शंका तिथल्या धर्मपीठाने काढली. मोर्चे निघाले, धरणी धरली, आणि १९६४ मध्ये ती शंका मागे घेतली गेली. ज्या समाजाला आपलं यहूदीपण असं सिद्ध करावं लागलं, त्यातली आई नातवंडांबद्दल विचारणारच. आपल्या शरणपूरला चर्चचे बाक रविवारी भरतात. कोकणातल्या जुन्या सिनेगॉगांमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरांत, प्रार्थनेसाठी लागणारे दहा पुरुष जमले का, हे मोजावं लागतं.

तुमच्या मुलीने काय करावं? इथे मी रूथचं पुस्तक काढीन, कारण ते दोघांचंही आहे. रूथ परक्या देशाची, नवरा वारलेला, सासू नामी तिला पुन्हापुन्हा म्हणते माहेरी जा. ती म्हणते, तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव. यहूदी परंपरा तिला धर्म स्वीकारणाऱ्यांचा आदर्श मानते आणि सप्ताहांच्या सणाला तिचं पुस्तक वाचते. आपण तिचं नाव मत्तयच्या पहिल्याच अध्यायात, प्रभूच्या वंशावळीत वाचतो. या गोष्टीत सासू सुनेला ओढत नाही, उलट परत पाठवते. राबीही येणाऱ्याला आधी माघारी लावतात, तो टिकला तर मोठा अभ्यास करायला लावतात, धर्मपंचांपुढे उभं करतात आणि शेवटी पाण्यात बुडवून घेतात. लग्नाच्या तारखेसाठी घाईने उरकायचं हे काम नव्हे.

आणि मुलीला एक गोष्ट स्पष्ट सांगा, कारण बाकीचे सगळे ती टाळतील. यहूदी होणं म्हणजे येशू प्रभू आहे हे सोडणं. दोन्ही एकदम चालत नाही. त्यांचं चालत नाही आणि आपलंही चालत नाही. ती मनातून ख्रिस्ती असेल तर केवळ सासूसाठी शेमा म्हणू नये. ती देवासमोर खोटी शपथ होईल, आणि ते तिच्या सासूलाही आवडणार नाही. तिला खरंच त्या वाटेने जायचं असेल तर तुम्हाला दुःख होईल, मलाही होईल, पण निर्णय तिचा आहे. ती ख्रिस्तीच राहणार असेल तर ते मुलाच्या आईला या भेटीतच कळलं पाहिजे. पहिल्या बाळाच्या आठव्या दिवशी कळू नये.

तुमच्या यजमानांचं "हळूहळू होईल" मला याच कारणाने खटकलं. मुलगा हळूहळू प्रभूकडे येईल असं त्यांच्या मनात असेल तर त्यांनी एक इतिहास ऐकावा. शरणपूरच्या माणसाला मिशनचं काम समजावून सांगायला नको. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढल्या, मराठी बायबल त्यांच्या हाती दिलं. डॉ. जॉन विल्सन यांनी तर १८३२ मध्ये त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. आशा अशी होती की शास्त्र वाचतील आणि ख्रिस्ताकडे वळतील. वळले ते अगदी थोडे. बाकीचे शास्त्र वाचून अधिक पक्के यहूदी झाले, प्रार्थना मराठीत आणल्या, पुढे मोशे, योसेफ यांच्या आख्यानांची मराठी कीर्तनं करू लागले. मिशनऱ्यांचे उपकार ते आजही मानतात. मला यात आपला पराभव दिसत नाही; आपण दिलेल्या पुस्तकातून त्यांना त्यांचं घर सापडलं. मुलाची आजी येणार असेल तर तिला त्या कीर्तनातलं एखादं पद येतं का विचारा. रेव्ह. टिळकांचे अभंग आपल्या घरात आहेतच. एक तिने म्हणावं, एक सासूबाईंनी.

लग्न कसं लावायचं, याचं उत्तर कायद्यातून सोपं निघतं. सिनेगॉगमध्ये धार्मिक विधीने लग्न दोघंही यहूदी असतील तरच लागतं. चर्चमध्ये, १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे, दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चालतं, पण पाळक तयार हवेत आणि मुलाला क्रुसासमोर लग्नाची वचनं द्यायला लावणं त्याच्या घराला झोंबेल. मी १९५४ चा विशेष विवाह कायदा सुचवीन. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेला आहे तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, तीन साक्षीदार न्यायचे. कोणालाच धर्म बदलावा लागत नाही. मग आशीर्वादाची प्रार्थना तुमच्या घरी, मलिदा त्यांच्या घरी. मेंदी आणि हळदीला दोन्हीकडे कोणाची ना नसते.

जेवणाचं. शाकाहारी करा, म्हणजे निम्म्या शंका मिटल्या. त्यांच्या पद्धतीने कापलेलं मांस तुम्हाला नाशिकमध्ये शोधत बसावं लागेल, आणि मांसाबरोबर दूध, दही, तूप, लोणी काही चालत नाही. म्हणून तर त्यांच्या रश्शात नारळाचं दूध असतं. मासे करायचेच असतील तर खवले आणि पर असलेले, रोहू किंवा रावस. कोळंबी, खेकडे नकोत, डुकराचं मांस तर ओट्यावरही नको. काही घरं आपल्या भांड्यांतलं शिजवलेलं खात नाहीत. तसं असेल तर फळं आणि चहा ठेवा, मनाला लावून घेऊ नका.

नाशिकचे म्हणून वाइनची बाटली कौतुकाने पुढे कराल, ती करू नका. यहूदी हातांनी न केलेली वाइन पाळणाऱ्यांना वर्ज्य असते. त्याऐवजी काळ्या मनुका आणून ठेवा. बेने इस्राएल बायका त्या पाण्यात भिजवतात, हाताने कुस्करून गाळतात आणि शुक्रवारी संध्याकाळी त्या सरबतावर आशीर्वाद म्हणून शब्बाथ सुरू करतात. आपल्याकडेही काही मंडळ्यांत प्रभुभोजनाचा रस मनुकांचाच असतो. पहिल्या तीन शुभवर्तमानांप्रमाणे प्रभूचं शेवटचं भोजन हे वल्हांडण या यहूदी सणाचं भोजन होतं. भाकरी आणि प्याला घेऊन त्याने जे आभार मानले, तसे आभार प्रत्येक यहूदी घरात मानतात. त्यांच्यासाठी तो देवाच्या देण्याबद्दलचा धन्यवाद आहे. आपल्यासाठी त्या रात्रीपासून ती भाकरी आणि प्याला म्हणजे प्रभूचं शरीर आणि रक्त. मनुका पिंपळगाव-निफाडच्या, पण त्या प्याल्याजवळ दोन्ही धर्म किती जवळ आहेत आणि किती लांब, ते मला बाकी कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कळतं.

क्रूस उतरवू नका. तुम्ही ख्रिस्ती आहात हे त्यांना माहीत आहे. लपवलात तर त्यांना वाटेल आणखीही काही लपवलं असेल. चर्च दाखवायचं असेल तर आधी विचारा. काही यहूदी दुसऱ्या धर्माच्या उपासनेच्या जागी पाऊल ठेवत नाहीत, काही कौतुकाने बघतात. बाळ येशू मंदिराचा आग्रह मात्र सोडा. तिथे सर्व धर्मांचे लोक दर्शनाला येतात हे खरं, पण मूर्तीपुढे उभं राहणं दहा आज्ञांतल्या मूर्ती न करण्याच्या आज्ञेमुळे त्यांना जड जातं. तुमच्यासारख्या प्रॉटेस्टंट घराला हे समजायला अवघड नाही. परतभेटीला ठाण्याला गेलात तर सिनेगॉग बघून या, नाहीतर पुण्याचं लाल देऊळ, १८६७ चं; लाल विटांचं ते बांधकाम आणि उंच मनोरा बाहेरून अगदी चर्चसारखा दिसतो. आत चित्र नाही, मूर्ती नाही, फक्त कपाटात जपून ठेवलेल्या तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांच्या गुंडाळ्या. आधी परवानगी काढावी लागते. आणि यजमानांना सांगा, आपण चर्चमध्ये टोपी काढतो, तिथे घालायची असते.

फोन या आठवड्यात करा. मुलीमार्फत निरोप धाडू नका, मुलाच्या आईशी तुम्ही स्वतः बोला : रविवार चालेल ना, आमच्या घरचं शिजवलेलं चालेल ना, आणि त्या प्रश्नाबद्दल आपण दोघी समोरासमोर बसूनच बोलू या का?